भिंतीतली जाळी

विहिरींनी तळ गाठला तशी गावातली बांधकामं एकेक करून थांबली आणि ओळंबा घरी बसला.

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. भिंत सरळ उठतेय की नाही ते बघायला गवंडी दोरीला लोखंडी गोळा बांधून खाली सोडतात, तो ओळंबा. याच्या खिशात तो कायम असायचा. पण नाव पडलं ते वेगळ्याच कारणानं. कुणाच्याही घरी गेला की हा आधी एक डोळा मिटून त्या घराचा कोपरा बघायचा. एकाचा बाप गेला म्हणून भेटायला गेला, तर रडणाऱ्या माणसाच्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाला, “तुमची ही भिंत बाहेर गेलीय बरं का.” तेव्हापासून सगळं गाव त्याला ओळंबा म्हणायला लागलं. त्यालाही ते आवडायचं.

पाणी नसलं की गवंडी बिनकामाचा. विटा भिजवायला पाणी, माल कालवायला पाणी, बांधून झालेल्या भिंतीवर मारायला पाणी. प्यायचीच मारामार असताना सिमेंटमध्ये पाणी ओतणाऱ्याला लोकांनी तुडवलं असतं. डेअरीच्या नव्या खोलीचं काम जोत्यापर्यंत आलं होतं, ते तिथंच राहिलं. ओळंबा दाराशी दगडावर बसून राहायचा. थापीला तेल लावून झालं, हातोड्याच्या दांड्यात पाचर मारून झाली, घमेलं घासून झालं. मग पुन्हा थापी.

“अहो, किती पुसाल?” बायको म्हणाली. “झिजून जाईल ती.”

“माझी थापी आहे. झिजू दे.”

घर चालत होतं मुलाच्या आणि सुनेच्या कामावर. मुलगा पाण्याचा टँकर चालवायचा. दिवसभर पाणी पाठीशी घेऊन हिंडायचा आणि घरी आला की बादलीभर पाण्यात आंघोळ उरकायचा. सून त्याहून जास्त कमवायची. तिनं जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करायचं शिक्षण घेतलं होतं आणि आता ती घरी बसून एका कंपनीसाठी फोन घ्यायची. कुठल्या कुठल्या गावांतून लोक फोन करायचे. म्हैस खात नाही, शेळीचं पोट फुगलंय, वासराला हगवण लागलीय. ही कानाला हेडफोन लावून, समोरच्या लॅपटॉपवर बघत त्यांना काय करायचं ते सांगायची आणि अवघड असलं तर डॉक्टरांना जोडून द्यायची. “आमची सून गाईम्हशींशी फोनवर बोलते,” असं सासू पाण्याला आलेल्या बायांना सांगायची. बाया हसायच्या. सासूसुद्धा हसायची, पण मान ताठ करून.

ओळंब्याला मात्र त्या कमाईचं जेवण घशाखाली उतरताना जड जायचं. सून दुसऱ्यांदा वाढायला आली की तो ताटावर हात आडवा धरायचा.

“मामा, घ्या की थोडं.”

“नको. बसून बसून भूक कुठं लागते?”

सुनेची बसायची जागा मागच्या खोलीत होती. पुढची खोली म्हणजे रस्ताच. टँकर दाराशीच उभा राहायचा, गल्लीतल्या सगळ्या बाया घागरी घेऊन तिथं जमायच्या आणि जो काय कालवा व्हायचा तो व्हायचा. कंपनीला फोनवर कालवा चालत नव्हता. म्हणून ती मागं बसायची, मधलं दार लावून. दार पत्र्याचं, लोखंडी चौकटीचं. आणि वायफायचा डबा पुढच्या खोलीत, कारण खांबावरून आलेली तार तेवढीच पुरली होती. डब्यापाशी नेट चांगलं पळायचं आणि मागच्या खोलीत गेलं की रेंजची एकच कांडी. तीही मधेच मरायची. मग सून म्हणायची, “हॅलो, ऐकू येतंय का? हॅलो?” घरात दिवसभर तेच ऐकू यायचं.

डब्याची जागा बदलून बघायला घरातल्यांनी काही कमी केलं नाही. सासूनं डब्याला धूळ बसू नये म्हणून रुमाल घातला होता, तो आधी काढला. मग डबा कपाटावर ठेवला. मग खिडकीत. मग मुलानं तो खिळ्याला टांगला, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून त्याच्या मागं जेवणाचं स्टीलचं ताट उभं केलं. ताटाचा काही उपयोग झाला नाही, शिवाय घरात एक ताट कमी पडायला लागलं. मग मुलगा एक लांब वायर घेऊन आला आणि ती डब्यापासून दारातून थेट सुनेच्या टेबलापर्यंत नेली. वायरनं काम चांगलं झालं. पण तिसऱ्याच दिवशी सासूचा पाय तिच्यात अडकला आणि डोक्यावरची भरली घागर पालथी झाली. पाणी उंबऱ्याखालून वाहत बाहेर गेलं. सासू गुडघा चोळत त्या पाण्याकडं बघत राहिली, मग उठली आणि वायर ओढून काढून कोपऱ्यात फेकली.

“पाय मोडला तरी चालेल. पाणी नाही सांडू देणार मी.”



मग एकदाचा वायफायवाला आला. आसपासच्या सगळ्या गावांना मिळून तो एकटाच होता, त्यामुळं त्याचा रुबाब मोठा. हातात मोबाइल धरून तो पुढच्या खोलीत फिरला, दारातून मागच्या खोलीत गेला, परत पुढं आला. मग मधल्या भिंतीपाशी उभा राहून त्यानं बोटाच्या पेरानं ती वाजवून बघितली.

“मिस्त्री, या भिंतीत लोखंड आहे का?”

“लोखंड कशाला असेल?”

“जाळी-बिळी? काही जण गिलाव्याखाली मारतात ना. जाळी असली की झालंच. मग डबा कितीही भारी आणा, पलीकडं पोचणार नाही. आधीच दार पत्र्याचं, त्यात जाळी, म्हणजे खोलीलाच टोपण बसल्यासारखं.”

मुलगा, सून, सासू, तिघंही ओळंब्याकडं बघायला लागली. घर त्यानं स्वतः बांधलेलं. त्यात काय आहे ते त्याच्याशिवाय कोण सांगणार?

“नुसत्या विटा आहेत,” ओळंबा म्हणाला. “माझ्या हातच्या.”

“मग काय कळत नाही बुवा. बरं, भिंतीला एक भोक पाडू, तार आत घेऊ.”

“माझ्या भिंतीला ड्रिल लावायचं नाही.”

“अहो मिस्त्री, एवढंसं भोक...”

“एवढंसं नाही आणि तेवढंसं नाही. भोक पडलं की भिंत गेली.”

“ठीक आहे. बाहेरून वळसा घालून नेऊ. नवी तार आली की येतो.” वायफायवाला चहा पिऊन गेला. त्यानंतर तारही आली नाही आणि तोही आला नाही.

भिंतीत जाळी होती.

घर बांधलं त्याच्या दुसऱ्या वर्षी ती भिंत वरपासून खालपर्यंत फाटली होती. तिच्या खाली जुना खड्डा होता, कचऱ्याचा, कधीतरी बुजवलेला. पाया खणताना तो दिसला तेव्हाच ओळंब्याला कळलं होतं की इथं अजून खाली जायला हवं. पण पावसाळा तोंडावर आला होता आणि लोकांची कामं खोळंबली होती. स्वतःच्याच घराला काय होतंय, म्हणून त्यानं तसाच पाया भरला. भिंत फाटली तेव्हा बायको मुलाला घेऊन माहेरी गेली होती. ओळंब्यानं दार लावून घेतलं, भेगेत सिमेंटच्या पोत्यांचे कागद आणि विटांचे तुकडे कोंबले, भिंतीच्या दोन्ही अंगांना कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी बारीक जाळी ठोकली आणि वरून गिलावा केला. हात असा फिरवला की बघणाऱ्याला शंका येऊ नये. बायको आली तेव्हा म्हणाली, “रंग का काढलात?” तो म्हणाला, “सहज.” लोकांच्या भिंती बघून एक डोळा मिटणाऱ्या माणसाची स्वतःची भिंत फाटली, हे गावाला कळलं असतं तर त्याला तोंड दाखवायला जागा उरली नसती. असं त्याला वाटलं. आणि वायफायवाल्यानं विचारलं तेव्हाही तसंच वाटलं. तो माणूस दहा गावं हिंडतो, दहा गावांत सांगत सुटेल.

काय झालं असतं? लोक चार दिवस हसले असते. पण तेवढंही सोसायची त्याची तयारी नव्हती.

मुलानं मग दुसरा, लहान डबा आणला. हा म्हणे पहिल्याकडून नेट घेतो आणि पुढं देतो. मागच्या खोलीत तो लावला, तर त्यावर लाल दिवा लागला आणि लालच राहिला. मुलगा दिवसभर टँकर चालवून आला होता, सदरा पाठीला चिकटलेला, आणि तो जमिनीवर गुडघे टेकून त्या डब्याला इकडं तिकडं फिरवत होता. ओळंबा दारात उभा राहून बघत होता.

“बाबा, तुम्हाला काय वाटतं? कशानं होत असेल?”

“मला काय कळतं त्यातलं?”

हे तो म्हणाला. ज्याला भिंतीतलं सगळं कळतं असं तो आयुष्यभर सांगत आला होता, तो म्हणाला, मला काय कळतं. मुलगा मान हलवून परत डब्याशी झटायला लागला आणि ओळंबा बाहेर जाऊन दगडावर बसला. त्या दिवशी त्यानं थापीला हात लावला नाही.

मग तो गाईचा फोन आला.

सकाळची वेळ होती. टँकर नुकताच येऊन उभा राहिला होता. मुलानं नळी सोडली आणि बाया एकमेकींच्या घागरी सरकवायला लागल्या. “मी आधी आले होते!” “तू? तू तर आत्ता आलीस, तुझी घागर आली होती आधी!” मधलं दार जरा उघडं होतं. आतून सुनेचा आवाज येत होता. ओळंब्याला वाटलं, या कालव्यात पोरीला काय ऐकू येणार? तो उठला, त्यानं दार ओढून घेतलं आणि ते पुन्हा उघडू नये म्हणून कडीही घातली. चांगल्या मनानंच. कडी घालून वळला आणि त्याला वायफायवाल्याचं टोपण आठवलं. पण बाया भांडत होत्या, पाणी सांडत होतं, एक बाई म्हणाली, “मिस्त्री, जरा हिला सांगा की हो,” आणि तो तिकडं गेला.

पत्र्यामागून सुनेचा आवाज येत होता. “दोन्ही पाय दिसतायत? बरं. डोकं दिसतंय का? नाही? मग थांबा, अजिबात... हॅलो? हॅलो, ऐकताय ना? हॅलो!”

मग दार वाजायला लागलं.

“मामा! दार! मामा, दार उघडा!”

ओळंबा बायांमधून वाट काढत आला. कडी घट्ट बसली होती, त्याची बोटं घसरली. दार उघडलं तशी सून उघडा लॅपटॉप छातीशी धरून बाहेर आली आणि धावत डब्यापाशी गेली. “हॅलो? दादा, ओढू नका, ऐका, वासराचं डोकं मागं वळलंय, ओढू नका!” पलीकडं कुणी नव्हतं. नंबर कंपनीकडं असायचा, तिला दिसायचा नाही. परत फोन करायची सोय नव्हती. ती तशीच उभी राहिली, हेडफोनची वायर लोंबत होती. 

दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या मॅडमचा फोन आला. तो घेताना आवाज तुटू नये म्हणून सून हेडफोन न लावता पुढच्या खोलीत डब्याखाली उभी राहिली, त्यामुळं सगळ्यांना सगळं ऐकू आलं. त्या माणसानं परत फोन लावला होता, पण रांगेत थांबावं लागलं. तो थांबला नाही. त्यानं आणि त्याच्या भावानं मिळून वासरू ओढलं. गाय गेली, वासरूही गेलं. त्याच्या घरी तेवढी एकच गाय होती.

“तुझे फोन फार तुटतात,” मॅडम म्हणाल्या. “मी तुला सांभाळून घेतलं. आता शनिवारपर्यंत बघते. नेट सुधारलं नाही तर तुझ्या जागी दुसरी घ्यावी लागेल.”

“मॅडम, चूक माझीच आहे,” सून म्हणाली. “मी आधी पाय, डोकं विचारत बसले. पहिल्यांदाच ‘ओढू नका’ म्हणायला हवं होतं. मी वेळ घालवला.”

ओळंबा दगडावर बसून हे ऐकत होता. त्याला वाटलं, उठावं आणि आत जाऊन म्हणावं, नाही, हिची चूक नाही. पाय उचलले असते तर चार पावलं होती. त्यानं उचलले नाहीत.

त्यानंतर तो सुनेच्या मागंपुढं करायला लागला. दार उघडं ठेवून स्वतः दारात बसायचा आणि टँकर आला की बायांवर ओरडायचा, “हळू बोला, आत काम चाललंय!” त्याच्या ओरडण्यानंच जास्त कालवा व्हायचा. सुनेला चहा नेऊन द्यायचा. एरवी स्वतःच्या चहाची कपबशी न उचलणारा माणूस चहा नेतोय म्हटल्यावर बायको बघतच राहिली.

“आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?”

“गप बस.”

सुनेनं कप घेतला, पण चहा तसाच थंड होऊन परत आला. दोन दिवस तिच्या पोटात काही नव्हतं. ती म्हणाली, “मामा, तुम्ही एवढं करताय म्हणून बरंय. नाहीतर मी कधीच सोडलं असतं.”

ओळंबा कप घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि तिथंच उभा राहिला.  शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. शेजारी गाय बांधलेली होती, तिकडं तो बघेनासा झाला. कुठल्या तरी गावात एक दावं रिकामं पडलं असेल, ते सोडून ठेवायचंही त्या माणसाला सुचत नसेल, हे डोक्यातून जाईना. त्या माणसाला तो ओळखत नव्हता. त्याचं तोंड कसं असेल तेही त्याला माहीत नव्हतं. तरी तो माणूस दगडावर शेजारी येऊन बसल्यासारखा सारखा जवळ होता.

शनिवार उजाडला. दुपारी सुनेला थोडी सुट्टी असायची. सासू पडली होती, मुलगा टँकर घेऊन गेला होता. ओळंबा परसात सावलीला बसला होता, मागच्या खोलीच्या खिडकीखाली. आतून सुनेचा आवाज आला. फोन चालू नव्हता. ती एकटीच बोलत होती.

“ओढू नका हात कोपरापर्यंत धुवा तेल लावा डोकं चाचपा मागं वळलं असेल तर आत ढकला डॉक्टर येईपर्यंत गाईला उठवू नका.” सगळं एका श्वासात. मग थांबली, दम घेतला. “नाही. अजून लांबतंय.” मग परत, अजून भरभर. “ओढू नका हात धुवा तेल डोकं चाचपा आत ढकला...” इथं तिला ठसका लागला. खोकून झाल्यावर तिनं पुन्हा सुरुवात केली. लाइन तुटायच्या आत सगळं बसवायचं होतं तिला. मग शेळीचं सुरू केलं. मग पोटफुगीचं.

ओळंबा उठला. घमेल्यातून छिन्नी आणि हातोडा घेतला, पक्कड घेतली, आणि पुढच्या खोलीत आला. डबा टांगलेल्या खिळ्यापासून हातभर अंतरावर, छातीच्या उंचीला त्यानं छिन्नी लावली.  पहिला घाव वाया गेला, नुसता ओरखडा उठला. दुसऱ्या घावाला गिलाव्याची खपली पडली.

सासू दचकून उठली. “अहो! अहो, काय करताय? डोकं फिरलं का तुमचं?”

 तो मारत राहिला. स्वतःच केलेला गिलावा होता, लवकर सुटत नव्हता. धुळीनं डोळे भरले, नाकात गेली. मग हातोड्याचा आवाज बदलला आणि खपलीखालून जाळी दिसली, तांबूस, गंजलेली. त्यानं पकडीनं तिची एकेक तार तोडली. तारेचं टोक तळहातात घुसलं, रक्त त्यानं पँटला पुसलं. जाळीमागं भेग होती. मूठ जाईल एवढी रुंद, आणि तिच्यात कोंबलेले सिमेंटच्या पोत्यांचे कागद, अजून त्यावरची अक्षरं वाचता येत होती. सासूनं त्यातला एक कागद ओढून बाहेर काढला. तिनं कागदाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. ‘रंग का काढलात’ हे तिला आठवलं असणार.

विटा ढिल्या होत्या, भराभर निघाल्या. दुसऱ्या अंगाची जाळी त्यानं आतून ढकलून तोडली आणि गिलाव्याचा मोठा तुकडा मागच्या खोलीत पडला. खिडकीएवढं भगदाड झालं. त्यातून सून दिसली. केसांवर धूळ, हेडफोन गळ्यात, लॅपटॉप दोन्ही हातांनी झाकून धरलेला.

तेवढ्यात टँकर आला. मुलानं नळी घागरीत सोडली आणि आवाज कसला म्हणून तो आत आला. त्याच्या मागं दारात बाया जमल्या. सगळ्या गल्लीनं ती भेग बघितली.

मुलानं खाली वाकून जाळीचा तुकडा उचलला. “बाबा, ही जाळी?”

“मी मारलीय. दोन्ही बाजूंनी. भिंत फाटली होती.”

“पण तुम्ही तर म्हणालात...”

“खोटं बोललो.”

बायांमधली एक काहीतरी पुटपुटली, दुसरीनं तिला कोपर मारलं. सून भगदाडातून त्याच्याकडं बघत होती. तिचा आवाज शांत होता.

“मामा, तुम्हाला माहीत होतं? या जाळीनं होतंय ते?”

“हो.”

“कधीपासून?”

उत्तर तोंडाशी तयार होतं. आत्ताच आठवलं, पोरी. किती वर्षं झाली, म्हातारा माणूस, विसरलो होतो, आज एकदम ध्यानात आलं. सगळ्यांनी मानलं असतं. तिनंही मानलं असतं, आणि वर म्हणाली असती, तुम्ही होतात म्हणून बरं. ओळंब्यानं हातोडा खाली ठेवला.

“वायफायवाल्यानं विचारलं तेव्हापासून,” तो म्हणाला. “गाईच्या आधीपासून.”

 बाहेर घागर भरून वाहायला लागली होती, पाणी दगडावर पडत होतं, आणि एकाही बाईला ते दिसलं नाही. मग सासूच धावली आणि तिनं नळी धरली.

सून मागं वळली. तिनं टेबलावरची धूळ हातानं झाडली, लॅपटॉप ठेवला, आणि मॅडमना फोन लावला. “मॅडम, ऐकू येतंय का आता?” पलीकडून आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल इतका खणखणीत. “अगं, एकदम मस्त येतंय! काय केलंस?”

“भिंत फोडली,” सून म्हणाली. पुढं तिनं काही सांगितलं नाही.

रात्री सगळे जेवायला बसले. सुनेनं सगळ्यांना वाढलं, ओळंब्यालाही. दुसऱ्यांदा मात्र ती त्याच्या ताटाशी थांबली नाही. त्याला हात आडवा धरावा लागला नाही.

सकाळी मुलगा भगदाडासमोर उभा राहून म्हणाला, “बाबा, टँकरमधून एक बादली काढतो. कडा तरी लिंपून घ्या, लाकडी चौकट बसवू. असं उघडं किती दिवस ठेवायचं? येणारा जाणारा बघतोय.”

ओळंबा घमेलं आणायला उठला. आतून सूनच बोलली.

“नको. पाणी प्यायला लागतं.” मग थोडं थांबून म्हणाली, “मामा, ते तसंच राहू द्या.”

“बरं,” ओळंबा म्हणाला.

तो भिंतीशी खाली बसला, पाडलेल्या विटांमध्ये. चांगल्या निघालेल्या विटा वेगळ्या करायच्या होत्या, तेवढंच हाताला काम. वर भगदाड होतं आणि त्याच्या काठावर तुटक्या तारा वाकून उभ्या होत्या. आत फोन वाजला. हेडफोन गळ्यातच ठेवून “बोला,” सून म्हणाली. कुणा बाईच्या शेळीचं पोट फुगलं होतं. बाईचा आवाज पुढच्या खोलीत बसून ऐकू येत होता, तिच्या मागं ओरडणारी शेळीसुद्धा. लाइन कुठंही तुटत नव्हती.

“खाणं बंद करा पाणी देऊ नका तोंड वर धरून चालवत ठेवा डाव्या कुशीवर दाबा तेल पाजा सावकाश फेस आला तर लगेच परत फोन करा,” सून एका श्वासात म्हणाली.

“अगं ताई, जरा हळू सांग की,” बाई म्हणाली. “कुठं पळून जातेय मी? चांगलं ऐकू येतंय मला.”

“हो,” सून म्हणाली. “हो. सांगते.” तिनं दम घेतला. आणि पुन्हा तसंच, तेवढंच भरभर, एका श्वासात सगळं सांगितलं.

ओळंब्याच्या हातात वीट होती. ती कुठल्या ढिगावर ठेवायची ते त्याला सुचेना.